अपील फेटाळलं, खालचा निकाल कायम झाला, आता पुढं काय? सातारा-सांगलीकरांचे नेहमीचे प्रश्न

जिल्हा कोर्टाचा निकाल लागला की लोक जजमेंटच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवतात आणि खाली एकच ओळ, "वकीलसाहेब, याचा अर्थ काय?" कराड, वडूज, विटा, इस्लामपूर, जत, कुठूनही आले तरी प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच सगळे एकत्र करून ठेवलेत. हे सगळं दिवाणी दाव्यांबद्दल आहे, फौजदारीचं गणित वेगळं. तुमच्या केसचे कागद बघितल्याशिवाय कुणीही शंभर टक्के सांगू शकत नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

१. "अपील नामंजूर, खालील न्यायालयाचा हुकूमनामा कायम" म्हणजे नेमकं काय झालं?

हुकूमनामा म्हणजे निकालावरून निघणारा कोर्टाचा औपचारिक आदेश, इंग्रजीत डिक्री. तालुक्याच्या कोर्टानं जो निकाल दिला होता तो जिल्हा कोर्टानं तपासला आणि त्यात बदल करण्यासारखं काही नाही असं ठरवलं. ज्यानं अपील केलं तो अपिलंट, तो हरला. समोरचा रिस्पॉन्डंट, तो जिंकला, मग मूळ दाव्यात तो वादी असो नाहीतर प्रतिवादी. इथं एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, ती म्हणजे आता खालचा हुकूमनामा वरच्या हुकूमनाम्यात विलीन होतो, वकील लोक याला मर्जर म्हणतात, आणि त्यामुळं पुढच्या मुदती आणि दुरुस्त्या सगळं वरच्या निकालावरून चालतं (प्रश्न ५ आणि १७ बघा). दाव्याची किंमत कायद्यातल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर वरिष्ठ स्तर कोर्टाच्या निकालावरचं पहिलं अपील जिल्हा कोर्टात न जाता थेट हायकोर्टात जातं, अशांनी खालचे प्रश्न वाचताना तो फरक धरून चालावं.

२. जिल्हा कोर्टानं आमचे साक्षीदार परत का नाही बोलावले? आमचं ऐकलंच नाही असं वाटतंय.

अपील म्हणजे दावा पहिल्यापासून परत चालवणं नव्हे. खालच्या कोर्टाचं सगळं रेकॉर्ड, म्हणजे साक्षी, उलटतपास, निशाणी पडलेले कागद, वर मागवलं जातं आणि त्यावरच युक्तिवाद होतो. पहिल्या अपिलात कायदा आणि वस्तुस्थिती दोन्ही तपासता येतात, म्हणून हा टप्पा फार महत्त्वाचा. नवीन कागद दाखल करायचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (पुढं नुसतं कलम किंवा ऑर्डर म्हटलंय ते याच संहितेचं) ऑर्डर ४१ नियम २७ खाली अर्ज लागतो आणि "माळ्यावर ट्रंकेत आत्ता सापडला" एवढ्यावर तो मंजूर होत नाही. खालच्या कोर्टानं तो पुरावा चुकीनं नाकारला होता, किंवा सगळी काळजी घेऊनही तो तेव्हा मिळणं शक्य नव्हतं, किंवा निकाल द्यायला तो कोर्टालाच गरजेचा वाटतोय, यातलं काहीतरी दाखवावं लागतं.

३. खालच्या कोर्टानं चाळीस पानं लिहिली आणि वरच्यानं सहा-सात पानांत उरकलं. असं चालतं का?

चालतं, पण त्याला हद्द आहे. निकाल उलटवायचा असेल तर अपील कोर्टाला खालच्या कोर्टाचं प्रत्येक कारण खोडून काढावं लागतं, कायम करायचा असेल तर तेच सगळं परत लिहीत बसायची गरज नाही, साधारण सहमती दाखवली तरी पुरतं. सुप्रीम कोर्टानं २००१ साली संतोष हजारी केसमध्ये हे सांगितलं आणि त्याच दमात हेही सांगितलं की सहमती हा जबाबदारी झटकायचा मार्ग होता कामा नये, डोकं लावून विचार केलाय हे निकालातून दिसलं पाहिजे. ऑर्डर ४१ नियम ३१ प्रमाणं मुद्दे, त्यावरचा निर्णय आणि कारणं या तीन गोष्टी लागतातच. त्यामुळं पानं मोजू नका. तुम्ही अपिलात जे मुद्दे घेतले होते त्यांना उत्तर आहे का ते बघा. एखाद्या मुख्य मुद्द्याला हातच लावलेला नसेल तर हायकोर्टात जाताना तोच तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा.

४. आम्ही दोन्ही कोर्टांत जिंकलो, आता जमिनीचा ताबा आपोआप मिळणार ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. कोर्ट निकाल देतं, पण तुम्ही दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करा असा अर्ज, टाकल्याशिवाय बेलीफ शेतावर येत नाही. दोन-दोन कोर्टांत जिंकून हुकूमनामा लोखंडी कपाटात ठेवलेली माणसं आपल्याकडं गावोगाव आहेत, आणि "कोर्टानं दिलंय की" म्हणत वर्षं काढतात, तोवर समोरचा बिनधास्त ऊस लावून तोडून कारखान्याला घालत असतो.

दरखास्त कुठं टाकायची यातही लोक चुकतात. शेवटचा निकाल जिल्हा कोर्टाचा असला तरी दरखास्त जिथं मूळ दावा चालला तिथंच, म्हणजे पाटणचा दावा असेल तर पाटणला. दरखास्तीत समोरचा परत जुने मुद्दे काढतो, हुकूमनामाच चुकीचा आहे म्हणतो, त्याला घाबरू नका, दरखास्त चालवणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या मागं जाऊन तपासणी करू शकत नाही. तिऱ्हाईत माणूस ताब्याला आडवा आला तर ऑर्डर २१ नियम ९७ खाली त्याच कोर्टात अर्ज करायचा, वेगळा दावा लावायची गरज नाही. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात असं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये राहुल शाह केसमध्ये सांगितलंय आणि उशीर होणार असेल तर कारण लिहून ठेवायचं, पण आपल्याकडं तारखांची गर्दी बघता मागं लागल्याशिवाय ते होत नाही, हेही खरं.

५. दरखास्त टाकायला किती वर्षांची मुदत आहे? मूळ निकाल लागून दहा वर्षं झालीत.

ताबा, पैसे वगैरेसाठी १२ वर्षं. अपील गुणदोषावर फेटाळलं असेल तर ही १२ वर्षं जिल्हा कोर्टाच्या निकालापासून मोजतात, मधल्या काळात स्टे होता की नव्हता यानं फरक पडत नाही, मर्जरचा फायदा तो हाच. मात्र एखादी गोष्ट करून द्या असा आज्ञार्थी मनाईचा हुकूम असेल, उदाहरणार्थ वाटेत बांधलेली भिंत पाडा, तर फक्त ३ वर्षं. निरंतर मनाईला मुदत नाही, हुकूम मोडला की दरखास्त टाकता येते. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून गेली असतील तर समोरच्याला आधी नोटीस काढावी लागते, म्हणजे अजून एक-दोन तारखा गेल्याच म्हणून समजा. म्हणून लवकर टाका.

६. समोरचा म्हणतोय हायकोर्टात जातो. त्याला किती दिवस आहेत, आणि मुंबईला जावं लागणार का?

सेकंड अपिलाला ९० दिवस. यातून सही-शिक्क्याची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज कधी दिला आणि नक्कल कधी तयार झाली या तारखा नकलेवरच असतात त्या बघून मोजा. मुदत नेमकी सुट्टीत संपत असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेलं चालतं. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, कारण पटलं पाहिजे.

मुंबईची फेरी आता वाचली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडं आलेत. सांगलीचा माणूस सकाळी निघून संध्याकाळी जेवायला घरी. कित्येक वर्षं वकिलांनी त्यासाठी आंदोलनं केली ती उगीच नाहीत. याचा दुसरा अर्थ असा की पूर्वी मुंबईच्या खर्चाला भिऊन गप्प बसणारा तुमचा भावकीतला माणूससुद्धा आता सहज वर जाऊ शकतो, तेवढी तयारी ठेवा.

७. दोन्ही कोर्टांनी एकच निकाल दिलाय, मग हायकोर्टात बदलायची शक्यता किती?

कमी. कलम १०० खाली हायकोर्ट फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच सेकंड अपील ऐकतं, आणि तो प्रश्न आधी लिहून ठरवावा लागतो. वहिवाट कुणाची होती, सही खरी की खोटी, पैसे दिले की नाही, या वस्तुस्थितीच्या गोष्टींवर दोन्ही कोर्टं एकमतानं बोलली असतील तर हायकोर्ट सहसा त्यात शिरत नाही. पुरावाच नसताना निष्कर्ष काढलाय, महत्त्वाचा कागद वाचलाच नाही, खरेदीखताचा कायदेशीर अर्थ चुकीचा लावलाय, असं काही असेल तर मात्र दार उघडतं. पैशाची वसुली २५,००० रुपयांपर्यंतची असेल तर सेकंड अपील होतच नाही. आणि पहिलं अपीलच हायकोर्टात चाललं असेल (प्रश्न १) तर तिथल्या एका न्यायमूर्तींच्या निकालावर हायकोर्टातच पुढचं अपील नसतं, मग सरळ सुप्रीम कोर्ट.

८. समोरच्यानं हायकोर्टात अपील दाखल केलंय असं कळलं. आता आमची दरखास्त थांबणार का?

नुसत्या अपिलानं काहीच थांबत नाही. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की अपील म्हणजे स्टे नव्हे. स्टे वेगळा मागावा लागतो, कोर्टानं तो द्यावा लागतो आणि त्याची ऑर्डर दाखवावी लागते. "वर अपील आहे साहेब" एवढं सांगून तारीख मागणारे फार, तेव्हा तुमच्या वकिलानं सरळ विचारायचं, स्टे ऑर्डर कुठाय? जिल्हा कोर्टात अपील चालू असताना मिळालेला स्टे अपील फेटाळल्याबरोबर संपतो, फक्त काही वेळा वर जायला म्हणून जिल्हा कोर्ट तो थोडे आठवडे वाढवून देतं, ते निकालाच्या शेवटी किंवा वेगळ्या आदेशात बघा.

तुमच्या बाजूनं करायची गोष्ट म्हणजे कॅव्हेट. निकाल लागला की कोल्हापूरला कॅव्हेट टाकून ठेवायचं, मग तुम्हाला न ऐकता एकतर्फी स्टे मिळत नाही. त्याची नोटीस समोरच्याला रजिस्टर पोस्टानं जाते आणि ते ९० दिवस चालतं, संपलं की परत टाकावं लागतं, हे विसरणारे खूप. पैशाच्या हुकूमनाम्यात, समजा तासगावच्या द्राक्षबागायतदाराचे व्यापाऱ्याकडं अडकलेले पैसे, तर कोर्ट बहुतेक वेळा रक्कम किंवा तिचा भाग जमा करायला लावूनच स्टे देतं. आणि दरखास्तीत ताबा घेतला, नंतर हायकोर्टानं निकाल फिरवला तर? कलम १४४ खाली तो परत द्यावा लागतो, म्हणून सेकंड अपील चालू असेपर्यंत त्या जमिनीवर मोठं बांधकाम काढू नका.

९. मी हरलोय. लगेच काय करायचं?

त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. मुदत त्यावर मोजतात (प्रश्न ६). नक्कल हातात आल्यावर, ज्या वकिलानं केस चालवली त्यांच्यासोबत दुसऱ्या एखाद्या जाणत्या वकिलाला नुसती वाचायला द्या, कारण आपल्या केसवर माणसाचं प्रेम बसतं आणि मग कायद्याचा प्रश्न नसतानाही तो दिसायला लागतो. पैशाअभावी थांबू नका, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, सांगलीकरांनी विजयनगरला गेल्यावर तिथं विचारावं. पुनर्विलोकनाचा, म्हणजे त्याच कोर्टानं आपला निकाल परत बघावा असा, अर्ज ३० दिवसांत करता येतो पण तो उघड दिसणाऱ्या चुकीसाठी असतो, निकाल पटला नाही म्हणून नाही.

१०. निकाल माझ्या बाजूनं, पण एका मुद्द्यावर कोर्टानं माझ्या विरुद्ध लिहिलंय. मी अपील करायला हवं होतं का?

हुकूमनामा पूर्ण तुमच्या बाजूनं असेल तर गरज नाही. समोरच्याच्या अपिलात तो मुद्दा चुकीचा आहे असा युक्तिवाद तुम्ही क्रॉस ऑब्जेक्शन (समोरच्याच्याच अपिलात आपला लेखी आक्षेप) न टाकताही करू शकता. पण हुकूमनामाच अर्धा तुमच्या विरुद्ध असेल, म्हणजे दहा गुंठे मागितले आणि सहाच दिले, तर नोटीस बजावल्यापासून एका महिन्यात क्रॉस ऑब्जेक्शन टाकावं लागतं. ते न करता वर "निकाल कायम" झाला तर सहाच गुंठे कायम झाले.

११. वाटपाच्या दाव्यात आमचा एक तृतीयांश हिस्सा कायम झालाय. मग सातबारा का बदलत नाही?

कारण बहुधा तुमचा हुकूमनामा प्राथमिक आहे. त्यात फक्त हिस्से ठरतात, कुणाला कुठला तुकडा ते नंतर. शेतजमीन असेल तर कलम ५४ प्रमाणं प्रकरण कलेक्टरकडं जातं, प्रत्यक्षात तहसीलदार आणि भूमी अभिलेखवाले मोजणी करून सरस-निरस बघून वाटप तक्ता करतात. गावठाणातलं घर असेल तर कोर्ट कमिशनर नेमतं. अंतिम हुकूमनामा स्टॅम्पवर उतरवून घ्यावा लागतो, मग फेरफार. कायम झालेल्या प्राथमिक हुकूमनाम्यावरून अंतिम हुकूमनाम्याचा अर्ज करायला १२ वर्षांची मुदत लागत नाही, दावा चालूच आहे असं धरतात, त्यामुळं वीस वर्षांपूर्वीचा निकाल असला तरी आशा सोडू नका. उलट बाजूनं सांगायचं तर प्राथमिक हुकूमनाम्यावर ज्यानं अपील केलं नाही त्याला अंतिमच्या वेळी हिश्श्यावरून भांडता येत नाही.

१२. प्राथमिक हुकूमनामा अपिलातही कायम झालाय, पण त्यात बहिणीला भावाएवढा हिस्सा नाही. आता काही होतं का?

होऊ शकतं. महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीनं मुलीला हक्क दिला तो २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना सोडून, त्यामुळं जुन्या निकालांत लग्न झालेल्या बहिणींचे हिस्से बारीक दिसतात. नंतर २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनिता शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मुलीचा हक्क जन्मानं आहे, २००५ मध्ये वडील हयात असायची गरज नाही, आणि प्राथमिक हुकूमनामा झालेला असला तरी अंतिम कारवाई किंवा अपील चालू असेल तर मुलीला मुलाएवढा हिस्सा धरायचा. २० डिसेंबर २००४ पूर्वी रजिस्टर कागदानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं पुरतं झालेलं वाटप मात्र उघडत नाही. बहिणीनं आधी रीतसर हक्कसोड लिहून दिलं असेल तर तो वेगळा विषय.

१३. आमचं "किरकोळ अपील" फेटाळलं. म्हणजे दावा हरलो का?

नाही, दावा अजून खाली चालू आहे. हंगामी मनाईचा अर्ज मंजूर किंवा नामंजूर झाला त्यावरचं ते अपील. त्यावर दुसरं अपील नसतं, हायकोर्टात रिट करता येतं. त्या निकालातली निरीक्षणं दाव्याच्या शेवटच्या निकालाला बांधून ठेवत नाहीत.

१४. शेजाऱ्यानं आमच्याविरुद्ध मनाईचा दावा लावला होता, तो फेटाळला, त्याचं अपीलही फेटाळलं. आता त्याला हटवून ताबा घेऊ का?

थांबा! त्याचा दावा फेटाळला याचा अर्थ त्याला मनाई मिळाली नाही, एवढाच. तुम्हाला ताबा द्या असा हुकूम कुठंच नाही, कारण तुम्ही तो मागितलाच नव्हता, आणि जे हुकूमनाम्यात नाही त्याची दरखास्त होत नाही, फार तर दाव्याचा खर्च वसूल होईल. जमीन त्याच्या ताब्यात असेल तर तुम्हाला ताब्याचा स्वतंत्र दावा लावावा लागेल, त्यात जुन्या निकालातले निष्कर्ष उपयोगी पडतात. ट्रॅक्टर घालून बांध कोरला की दिवाणी जिंकलेला माणूस फौजदारीत अडकतो.

१५. तारखेला वकील गेले नाहीत म्हणून अपील काढून टाकलं. हेही "कायम" झाल्यासारखंच का?

परिणाम तूर्त तसाच, खालचा निकाल उभा राहतो, पण हे गुणदोषावर फेटाळणं नाही. ३० दिवसांत अपील परत बोर्डावर घ्यायचा अर्ज करा, गैरहजेरीचं पटणारं कारण द्या. अपिलंट हजर नसताना कोर्टाला गुणदोषावर अपील फेटाळता येत नाही, तसं झालं असेल तर तो वर मांडायचा चांगला मुद्दा आहे.

१६. अपील चालू असताना आमचे वडील वारले, वारस लावलेच नाहीत आणि निकाल लागला. चालतो का?

ते कधी वारले त्यावर आहे. युक्तिवाद पूर्ण होऊन निकाल राखून ठेवल्यावर वारले असतील तर निकाल ठीक. त्याआधी वारले असतील तर ९० दिवसांत वारस लावायला हवे होते, नाहीतर त्यांच्यापुरतं अपील आपोआप संपतं, मग पुढच्या ६० दिवसांत अपील संपल्याचं रद्द करून घ्यायचा अर्ज, आणि तेही गेलं तर उशीर माफीसह. भावाभावांचा हिस्सा एकत्र गुंतलेला असेल तर एकाच्या मयतामुळं सगळंच अपील पडू शकतं. घरात कुणी गेलं तर वकिलाला फोन करा, मृत्यूचा दाखला मिळेल तसा द्या.

१७. निकालात गट नंबर चुकीचा टाइप झालाय, तलाठी नोंद घेत नाही.

टायपिंगची किंवा आकडेमोडीची चूक कलम १५२ खाली कधीही दुरुस्त होते. खालचा निकाल वर विलीन झाल्यामुळं अर्ज साधारणपणे अपील कोर्टात देतात. पण मूळ दाव्यातच चुकीचा गट लिहिला असेल तर ती टायपिंगची चूक राहत नाही, तिथं वकिलाशी नीट बोलून घ्या.

१८. दुकानाच्या भाडेकरूला काढायचा निकाल जिल्हा कोर्टात कायम झाला. तो सेकंड अपील करेल का?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ खालची केस असेल तर सेकंड अपील नाही, तो रिव्हिजन (फेरतपासणीचा अर्ज) किंवा रिट घेऊन हायकोर्टात जातो. स्टे मागितला तर जुन्या तीनशे रुपये भाड्याऐवजी बाजारभावाच्या जवळपास रक्कम दरमहा भरायची अट घाला असं तुम्ही मागू शकता, सुप्रीम कोर्टानं २००४ च्या आत्माराम प्रॉपर्टीज केसमध्ये त्याला मान्यता दिलीये. बऱ्याचदा या अटीनंच भाडेकरू बोलणी करायला येतो.

१९. अपील चालू असताना समोरच्यानं जमीन तिसऱ्याला विकली. त्या खरेदीदारावर निकाल लागू होतो का?

होतो, दावा चालू असताना घेणारा दाव्याच्या निकालाला बांधलेला असतो. पण महाराष्ट्रात एक अट जास्तीची आहे, दाव्याची नोटीस सब-रजिस्ट्रारकडं नोंदवलेली असायला हवी. ती नोंदवली नसेल तर खरेदीदार "मला माहीत नव्हतं" म्हणून लांबड लावतो. दावा लावल्या लावल्या ही नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, नोंदवून घ्या, आधी केलं नसेल तर हायकोर्टाच्या टप्प्यावर तरी करा.

२०. हरल्यावर आम्ही गावात बसून तडजोड केली, पैसेही दिले, तरी समोरच्यानं दरखास्त टाकली. पैसे दिलेले दाखवता येतील का?

ऑर्डर २१ नियम २ प्रमाणं कोर्टाबाहेर दिलेले पैसे किंवा केलेली तडजोड कोर्टात नोंदवावी लागते. नोंद नसेल तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते बघतच नाही, चार पंच साक्षीला उभे केले तरी. पैसे देणाऱ्याला ही नोंद करून घ्यायला दिल्यापासून ३० दिवस असतात. म्हणून शक्यतो पैसे कोर्टातच जमा करा, नाहीतर बँकेतून द्या आणि त्याच आठवड्यात दोघांच्या सह्यांची पुरशीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) कोर्टात दाखल करा. लोकन्यायालयात ठेवली तर अजून सोपं, तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही.